उतरणार कुठे?

बँकॉकचं विमान शनिवारी रात्रीचं, पोचणार रविवारी दुपारी. म्हणजे फॉर्म भरायचा तो गुरुवारपासून पुढे; बुधवारी बसून उपयोग नाही. 1 मे 2025 पासून थायलंडने परदेशी पाहुण्यांना डिजिटल आगमन कार्ड सक्तीचं केलं आणि ते भरायला मुदत ठेवली पोचण्याआधीच्या तीन दिवसांची. तेव्हा गुरुवारी रात्री, जेवणाची ताटं आवरून, जर्मनीतल्या कुठल्याही गावचं कुठलंही म्युलर जोडपं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसलेलं असतं. शेजारी दोन गडद लाल पासपोर्ट, चष्मा आणि हॉटेलच्या बुकिंगची छापील प्रत.

पहिली ठेच आडनावालाच लागते. पासपोर्टाच्या पानावर वरच्या भागात आडनाव छापलंय ते यू-वरच्या दोन टिंबांसकट. तळाशी, यंत्राने वाचायच्या दोन ओळींत, तेच आडनाव टिंबं गाळून आणि एक ई जादा घालून. मग खरं कोणतं? तळचं. यंत्राला वाचता येतं ते खरं. पुढे पासपोर्टाचा क्रमांक. त्यातलं ते गोल चिन्ह म्हणजे 'ओ' की शून्य? जर्मन पासपोर्टाच्या क्रमांकात ओ हे अक्षर वापरतच नाहीत, ते शून्यच असतं. पण हे प्रत्येक जर्मनाला ठाऊक असतं असं नाही. मग जन्मतारीख, विमानाचा क्रमांक, गेल्या चौदा दिवसांत कुठल्या देशांत होता, व्यवसाय काय. आणि मग तो प्रश्न: थायलंडमध्ये उतरणार कुठे?

मराठीतलं 'उतरणं' हे क्रियापद इथे फार सोयीचं आहे. गाडीतून उतरायचं आणि मामाकडे उतरायचं, दोन्हीला शब्द एकच. सरहद्दीवर बसलेल्या माणसाला नेमक्या याच दोन गोष्टी हव्या असतात: कशातून उतरलास आणि कुठे उतरणार. पाचशे वर्षांत हे प्रश्न फारसे बदललेले नाहीत. बदलत गेलं ते एवढंच की उत्तरं लिहायची कोणी, आणि कुठे बसून.

12 जुलै 1520 रोजी चित्रकार आल्ब्रेष्ट ड्यूरर न्यूर्नबर्गहून नेदरलँड्सला निघाला. बरोबर बायको आग्नेस आणि मोलकरीण सुझाना. सम्राट माक्सिमिलियान वारला होता. त्याने लावून दिलेली वार्षिक नेमणूक नव्या सम्राटाकडून, पाचव्या चार्ल्सकडून, पुन्हा मंजूर करून घ्यायची होती. ड्यूररने वाटेवर दैनंदिनी लिहिली, पण खरं तर ती रोजकीर्दच आहे. कोणाला काय दिलं, जेवणाला किती पडले, सगळं आकड्यांत. बाम्बर्गला त्याने तिथल्या बिशपला मॅडोनाचं एक चित्र आणि आपली छापील चित्रं भेट दिली. बिशपने त्याला जकातमाफीचं पत्र दिलं, शिवाय तीन शिफारसपत्रं. आपल्या पेशवेकालीन कागदांत ज्याला दस्तक म्हणतात, त्याच जातीची ही चीज.

पुढे माइन आणि ऱ्हाइन नद्यांवर नाक्यामागून नाका. जर्मनी नावाचा एक देश तेव्हा नव्हता. थोडं पुढे गेलं की कुणा बिशपची हद्द, कुणा सरदाराची, कुणा शहराची. ड्यूररने नाक्यांची नोंद ठेवली आहे आणि बहुतेक नोंदींचा मतलब एकच: पत्र दाखवलं, त्यांनी जाऊ दिलं. मग ऱ्हाइनवर एका नाक्याशी नुसत्या पत्रावर भागत नाही. माझ्याजवळ विकाऊ माल नाही, असं जकातदार त्याच्याकडून मोहोरेनिशी लिहून घेतो आणि मगच होडी सोडतो.

मला हा नाका फार महत्त्वाचा वाटतो. तोवर बिशप सांगत होता की हा माणूस सज्जन आहे, याला सोडा. इथे माणसाने स्वतःच स्वतःबद्दल लिहून दिलं. कस्टम्सच्या फॉर्मवर आज आपण जी खूण करतो ती त्या मोहोरेची पणती आहे.

शिफारसपत्राचा काळ त्यानंतरही बरीच शतकं चालला, आणि तो ढिला काळ होता. किती ढिला, ते गटेवरून कळतं. 3 सप्टेंबर 1786 ला पहाटे तीन वाजता तो कार्ल्सबाडहून कुणाला न सांगता निसटला. वायमारच्या दरबारचा मंत्री, 'वेर्टर'मुळे युरोपभर गाजलेला लेखक. पण इटलीत शिरला तो योहान फिलिप म्योलर, चित्रकार, या नावाने. गार्डा सरोवराकाठच्या माल्चेसिने गावात एक पडका किल्ला चितारत बसला असताना लोकांनी त्याला ऑस्ट्रियाचा हेर ठरवलं. सुटका कागदाने झाली नाही. गावातला ग्रेगोरिओ नावाचा एकजण पूर्वी फ्रँकफुर्टला नोकरीला होता. त्याने फ्रँकफुर्टमधल्या इटालियन घराण्यांची चौकशी केली, गटेने कोणाचं लग्न झालं, कोणाला नातवंडं झाली ते सांगितलं आणि प्रकरण मिटलं. लग्नात अनोळखी पाहुण्याला आपल्याकडच्या म्हाताऱ्या 'तू कुणाचा रे?' म्हणून जसं पारखतात, तसंच.

रोमला पोचल्यावर तिथल्या चर्चच्या शिरगणतीत त्याची नोंद झाली: फिलिप्पो मिलर, जर्मन, चित्रकार, वय 32. खरं वय 37. पाच वर्षं गेली आणि आडनावातली टिंबंही गेली. म्युलरबाईंनी हळहळण्याचं कारण नाही. टिंबं गाळणारं यंत्र येण्याच्या दोनशे वर्षं आधी टिंबं गाळणारा धर्मगुरू होऊन गेला होता.

12 ऑक्टोबर 1867 ला उत्तर जर्मन संघाने कायदा करून पासपोर्टाची सक्तीच काढून टाकली. स्वतःच्या लोकांना देशाबाहेर जायला-यायला कागद नको, आणि परक्यांनाही आत यायला नको. रेल्वे आली होती, कारखान्यांना माणसं हवी होती, आणि डब्याडब्यातून कागद तपासत बसणं परवडणारं नव्हतं. या काळाबद्दल युरोपात फार गहिवरून लिहिलं जातं. पण पासपोर्ट गेला म्हणून चौकशी गेली नव्हती. ती बंदरावर जाऊन बसली होती.

अमेरिकेने 1819 मध्येच कायदा केला होता की येणाऱ्या प्रत्येक जहाजाच्या कप्तानाने उतारूंची यादी द्यावी: नाव, वय, स्त्री की पुरुष, धंदा, कुठला, कुठे जाणार. पाच-सहा रकाने. 1893 च्या कायद्याने ती यादी फुगवली. लिहिता-वाचता येतं का, तिकिटाचे पैसे कोणी भरले, जवळ 30 डॉलर आहेत का आणि कमी असल्यास नेमके किती, कुणा नातेवाइकाकडे जाताय आणि त्याचा पत्ता काय, कधी तुरुंगात होता का, एकाहून जास्त बायका आहेत का, प्रकृती कशी. पुढे अराजकवादी आहात का, हाही प्रश्न आला. 1880 च्या दशकात सुमारे 14 लाख जर्मन अमेरिकेला गेले, ते जुन्या आटोपशीर यादीवर. नव्या लांबलचक यादीच्या वाट्याला जास्त करून रशिया आणि ऑस्ट्रिया-हंगेरीहून हाम्बुर्ग-ब्रेमेनला येऊन जहाज पकडणारी माणसं आली. पण यादी लिहिणारा कारकून जर्मनच होता.

हे नीट पाहण्यासारखं आहे. प्रश्न अमेरिकेचे, पण विचारले जात हाम्बुर्गच्या धक्क्यावर, आणि विचारणारा नोकर जहाज कंपनीचा. कारण नाकारलेल्या माणसाला परत न्यायचा खर्च कंपनीच्या डोक्यावर होता. रोगी माणूस आणला तर 1903 पासून दर माणशी 100 डॉलर दंडही. 1892 मध्ये हाम्बुर्गला कॉलऱ्याने 8,600 वर बळी घेतले, आणि त्यानंतर तर कंपनीने निघण्यापूर्वीच माणसं तपासण्याचा धडाका लावला. हॅपाग या जहाज कंपनीच्या आल्बर्ट बालिनने 1901 मध्ये फेडेलच्या बेटावर देशांतर करणाऱ्यांसाठी मोठमोठी निवासगृहं उभारली. तिथे आंघोळ, कपड्यांची धुरी, डॉक्टर, आणि मग जहाज. अमेरिकेची सरहद्द एल्ब नदीच्या काठाशी येऊन ठेपली होती. आज विमान कंपनीच्या खिडकीवरची मुलगी 'तुमची परवानगी माझ्या पडद्यावर दिसत नाहीये' म्हणते, ती याच कारकुनाच्या खुर्चीत बसलेली असते.

यादीचा एक ताव जास्तीत जास्त तीस नावांचा. प्रत्येकाला एक चिठ्ठी मिळे: तावाचा क्रमांक आणि तावावरच्या ओळीचा क्रमांक. न्यूयॉर्कला एलिस बेटावर उतरताना लोक ती कोटावर टाचून घेत. निरीक्षक चिठ्ठी बघे, ताव काढे, ओळीवर बोट ठेवे आणि तेच प्रश्न पुन्हा विचारे; उत्तर जुळलं की सुटका. छातीवर टाचलेल्या त्या दोन आकड्यांत आणि मोबाइलवरच्या क्यूआर कोडच्या काळ्या-पांढऱ्या चौकटीत मला तरी जातीचा फरक दिसत नाही. दोन्हींचं काम एकच: तुझ्याबद्दल आधीच लिहून ठेवलेल्या ओळीपाशी मला घेऊन जा. (एलिस बेटावर माणसांची आडनावं बदलली जात, ही कथा अमेरिकेत फार लाडकी आहे. तिथे नावं मुळात लिहिलीच जात नव्हती. ती आधीच लिहून आलेली असत.) वरच्या वर्गाच्या प्रवाशांना बेटावर नेतच नसत, त्यांची चौकशी जहाजावरच उरकत.

31 जुलै 1914 ला जर्मनीने पासपोर्ट परत आणला, तात्पुरता म्हणून. युद्ध संपलं, तात्पुरतं तेवढं उरलं.

आणि मग 1938. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात जर्मन ज्यूंचे पासपोर्ट रद्द ठरवले गेले आणि लाल 'जे' अक्षराचा शिक्का मारूनच पुन्हा वैध होऊ लागले. स्वित्झर्लंडला सरहद्दीवर ज्यू ओळखता यावेत म्हणून दोन्ही सरकारांत जी बोलणी चालली होती त्यांतून हा शिक्का निघाला. 1 जानेवारी 1939 पासून पुरुषांना 'इस्राएल' आणि बायकांना 'सारा' हे जादा नाव सक्तीने लावावं लागलं. गटेने हौसेने खोटं नाव घेतलं होतं. इथे सरकारने ते लादलं. त्याच वर्षी मे महिन्यात 'सेंट लुइस' जहाज 937 उतारू घेऊन हाम्बुर्गहून हवानाला निघालं. बहुतेकांजवळ क्यूबात उतरण्याचे परवाने होते, पैसे मोजून घेतलेले. जहाज निघण्याच्या आठवडाभर आधी क्यूबाच्या सरकारने ते परवाने रद्द केले होते. हवानाच्या बंदरात 28 जण उतरू शकले. अमेरिकेनेही घेतलं नाही. जहाज परत युरोपला, अँटवर्पला आलं, आणि परतलेल्यांपैकी 254 जण पुढे ज्यूंच्या संहारात मेले. उतरण्याआधी परवानगी घ्यायची, आणि ती ऐन वेळी रद्द होऊ शकते, या व्यवस्थेचा हा पूर्वज वंशावळीतून खोडता येत नाही. जगात त्या सुमाराला एकच मोठं बंदर उतरायला कागद मागत नव्हतं: शांघाय. हजारो जर्मन आणि ऑस्ट्रियन ज्यू तिथे जगले ते तिथे फॉर्म नव्हता म्हणून.

सप्टेंबरात युद्ध पेटलं आणि ब्रिटिश हिंदुस्थानातले जर्मन एका दिवसात शत्रू झाले. नंगा पर्वताच्या पाहणीला आलेला गिर्यारोहक हाइनरिश हारर कराचीत जहाजाची वाट पाहताना पकडला गेला आणि अहमदनगरच्या छावणीत आला, तिथून देवळालीला, मग डेहराडूनला. माणूस ऑस्ट्रियाचा, पण ऑस्ट्रिया दीड वर्षापूर्वीच जर्मनीने गिळला होता, म्हणून कागदावर जर्मन. नगरच्या तारेच्या कुंपणात बसून त्याने या गमतीचा विचार केला असेल की नाही कोण जाणे. पुढे डेहराडूनहून पळून तो ल्हासाला गेला, जिथे जायला त्याच्याजवळ कसलाही परवाना नव्हता.

विमानात वाटलं जाणारं कार्ड आपल्यापैकी अनेकांनी भरलं आहे. त्याचं मूळ 1944 च्या शिकागो करारात. त्या कराराचं नववं परिशिष्ट 1949 मध्ये मंजूर झालं, आणि त्याचा हेतू चक्क कागद कमी करण्याचा होता: देशांनी मागायचंच असेल तर सगळ्यांनी एकाच छापाचं छोटं कार्ड मागावं. इथे लेखणी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने उतारूच्या हातात आली. हवाई सुंदरी कार्डं वाटणार, आणि मग 'पेन आहे का?' या प्रश्नाने अनोळखी शेजाऱ्यांची ओळख होणार. पश्चिम जर्मनांना तर हे शिकायला विमानात बसायचीही गरज नव्हती. पूर्व जर्मनीतल्या मावशीला भेटायला जाताना सरहद्दीवर मोजणी-कार्ड भरून द्यावं लागे आणि 1980 पासून माणशी रोजचे 25 मार्क सक्तीने बदलून घ्यावे लागत. उतरणार कुठे, या रकान्यात मावशीचा पत्ता.

1989 मध्ये अमेरिकेने पश्चिम जर्मनांना व्हिसातून सूट दिली. व्हिसा गेला आणि विमानात हिरवं कार्ड आलं. एका पिढीच्या जर्मनांना ते अजून आठवतं, दोन कारणांसाठी. एक, जर्मन माणूस 1 लिहिताना वर अशी लांब शेंडी काढतो की अमेरिकन डोळ्याला तो 7 वाटतो. जन्मसाल एकदम सहा वर्षांनी सरकायचं. दुसरं कारण मागच्या बाजूला, हो-नाहीच्या चौकटींत. हेरगिरी, घातपात, वंशसंहार यांच्या रांगेतच एक विचारणा होती: 1933 ते 1945 या काळात नाझी जर्मनीच्या किंवा तिच्या दोस्तांच्या छळसत्रात तुमचा काही भाग होता का? 1970 साली जन्मलेला मुलगा, फ्लोरिडाला सुट्टीवर निघालेला, मांडीवरच्या घडीच्या ट्रेवर कार्ड ठेवून 'नाही'वर फुली मारतो. हा प्रश्न सगळ्याच देशांच्या लोकांना होता, पण तो वाचून क्षणभर थबकणारे जर्मनच. इस्राएलचा नियम अजूनही चालू आहे: 1928 पूर्वी जन्मलेल्या जर्मनाला व्हिसा लागतो, त्यानंतरच्याला नाही. हा नियम रद्द करायची गरज पडणार नाही. तो आपोआप निकाली निघेल.

हिरव्या कार्डाचा एक तुकडा पासपोर्टात टाचला जाई आणि परतताना द्यावा लागे. तो द्यायचा राहिला तर अमेरिकेच्या दफ्तरी माणूस अजून अमेरिकेतच. म्युनिकला घरी बसून आपण अमेरिका सोडली हे पटवून देण्याची कसरत ज्यांनी केली, त्यांना संगणकाची बाजू मी सांगायला नको.

संगणक आधी ऑस्ट्रेलियाने आणला. 1996 मध्ये तिथे इलेक्ट्रॉनिक प्रवासपरवाना सुरू झाला; पासपोर्टावर काहीच चिकटवायचं नाही, नोंद तारेच्या दुसऱ्या टोकाला. अमेरिकेने 12 जानेवारी 2009 पासून 'एस्टा' हा असाच परवाना सक्तीचा केला. फुकट होता. 8 सप्टेंबर 2010 पासून 14 डॉलर झाले, आणि त्यातले 10 डॉलर कशासाठी, तर परदेशी पर्यटकांनी अमेरिकेला यावं म्हणून जाहिरात करायला. जो यायला निघालाच आहे त्याच्याकडून, इतरांना बोलावण्याचा खर्च! 2025 च्या सप्टेंबरअखेर तो आकडा 40 वर गेला. कॅनडाने 2016 मध्ये, न्यूझीलंडने 2019 मध्ये तीच वाट धरली. केनियाने 2024 च्या जानेवारीत व्हिसा रद्द केल्याचं जाहीर केलं आणि त्या जागी 30 डॉलरचा इलेक्ट्रॉनिक परवाना आणला. 'व्हिसा लागत नाही' हे वाक्य त्या दिवसापासून मी तरी शेवटपर्यंत वाचतो.

जर्मनीला स्वतःला मात्र संगणकावर यायला महामारी लागली. मार्च 2020 पासून जगभर अडकलेले सुमारे 2,40,000 प्रवासी घरी आणले गेले, आणि त्या उन्हाळ्यात परतणाऱ्यांच्या हातात विमानात कार्डं पडली. नाव 'आउसश्टाइगेकार्टे', शब्दशः उतरण्याचं कार्ड. ती हाताने भरलेली, अर्धी न लागणाऱ्या अक्षरातली, गठ्ठ्यांनी आरोग्य कार्यालयांत पोचायची. 8 नोव्हेंबर 2020 ला त्यांच्या जागी डिजिटल आगमन-नोंदणी आली. ती तयार केली बुंडेसड्रुकराय या सरकारी छापखान्याने. पासपोर्टही तोच छापतो. तोवर माजोर्काला निघालेले जर्मन स्पेनचा क्यूआर कोड आणि ग्रीसचा फॉर्म भरायला शिकलेले होते. रोग ओसरला, सवय राहिली. सिंगापूरने कागदी कार्ड 2020 मध्येच बंद केलं होतं. मग फिलिपिन्स, मलेशिया, थायलंड. फॉर्म फुकट असतो, पण शोधयंत्रात त्याच्या वर दिसणारी नकली संकेतस्थळं त्याचेच पैसे घेतात, आणि कित्येक म्युलर ते भरतात.

2025 हे साल या बाबतीत मजेदार निघालं. 1 जानेवारीपासून जर्मनीत जर्मन नागरिकाला हॉटेलात नोंदणीचा फॉर्म भरावा लागत नाही. नोकरशाही कमी करण्याच्या कायद्याने तो गेला. (परदेशी पाहुण्याने मात्र सही करायचीच. पुण्यातला लॉजवाला जर्मन इंजिनिअरचा 'सी फॉर्म' भरतो, त्याचाच हा भाऊ.) 2 एप्रिलपासून ब्रिटनने युरोपीयांना ऑनलाइन परवाना लावला: 10 पौंड, आणि आठवड्याभरात 16. 1 मेला थायलंड. 1 ऑक्टोबरला भारताने परदेशी पाहुण्यांचं कागदी कार्ड मोडीत काढून पोचण्याआधी 72 तासांत भरायचं ई-आगमन कार्ड आणलं. ई-व्हिसा तर जर्मनांना 27 नोव्हेंबर 2014 पासूनच मिळत होता. पहिल्या 43 देशांत जर्मनी होता आणि पहिल्या नऊ विमानतळांत मुंबई आणि गोवा. आणि 12 ऑक्टोबरला खुद्द युरोपने आपली नवी येणं-जाणं नोंदणी सुरू केली, बाहेरच्यांचे फोटो आणि बोटांचे ठसे घेणारी. व्हिसासाठी बँकेची सहा महिन्यांची पानं लावणाऱ्या आपल्या लोकांना म्युलरच्या कपाळावरच्या आठ्या पाहून थोडं बरं वाटलं, तर ते समजण्यासारखं आहे.

गुरुवारी रात्री साडेदहाला म्युलरांचा फॉर्म एकदाचा जातो. मिनिटभरात ईमेल येते, चौकटीसकट. रविवारी दुपारी बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर अधिकारी पासपोर्टाच्या तळच्या दोन ओळी यंत्राखाली धरतो, पडद्याकडे बघतो आणि शिक्का मारतो. चौकट कोणी मागत नाही. ओळ त्याला आधीच सापडलेली असते. म्युलरबाईंनी ती तरीही छापून आणली आहे, दोन प्रतींत, पारदर्शक प्लास्टिकच्या खिशात घालून. अधिकाऱ्याचं लक्ष जावं म्हणून त्या तो खिसा काचेशी थोडा वर धरतात.